आधी साखर, मग पऱ्हाटी

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रायकोडर्मा हे नाव शिकवावं लागत नाही. तुरीला, हरभऱ्याला मर लागू नये म्हणून पेरणीआधी बियाण्याला चोळायची ती पावडर कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. मी पीएचडीला याच बुरशीवर काम करते म्हटलं की मानवतकडची आमची माणसं लगेच विचारतात, "मग कोणत्या कंपनीची घ्यावी?" पण माझं काम मर रोगाचं नव्हतंच. ट्रायकोडर्मा वाळलेली काडीही कुजवते. त्यासाठी ती पेशीबाहेर एन्झाइम सोडते. ही एन्झाइम कधी बनवायची आणि कधी थांबवायची, हे तिच्या जनुकांच्या पातळीवर कसं ठरतं ते मला बघायचं होतं. तेही बाटलीतल्या शुद्ध सेल्युलोजवर नाही, पऱ्हाटीवर.

पऱ्हाटीच का, तर ती आमच्याकडे नको तितकी असते. कापूस वेचून झाला की शेतात नुसते सांगाडे उभे राहतात. गुलाबी बोंडअळी त्यातल्या किडक्या बोंडांत तग धरते, म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी उपटा, कुट्टी करून कुजवा असं कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो. थोडी चुलीला जाते, बाकीची बांधावर पेटते. या काडीचा मोठा हिस्सा सेल्युलोज, म्हणजे साखळीत बांधलेलं ग्लुकोजच. पण ती साखळी हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या काडीतल्याच चिवट द्रव्यांमध्ये गुंडाळलेली असते आणि लिग्निनपुढे ट्रायकोडर्माचं फारसं चालत नाही. त्यामुळे आम्ही पऱ्हाटी दळून, सौम्य कॉस्टिकमध्ये भिजवून, पाण्यानं निवळेपर्यंत धुऊन मगच वापरायचो. धुण्याचं हे काम कंटाळवाणं होतं. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत ते करणं म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाणं.

या विषयात ज्या बुरशीवर सगळ्यात जास्त काम झालंय तिचं मूळही कापसातच आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजून जात होते. कुजवणाऱ्या बुरशा गोळा केल्या गेल्या, त्यातली एक क्यूएम६ए. एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९७७ मध्ये रीझ यांच्याच नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसी म्हटलं गेलं. आज डिटर्जंटपासून काडीकचऱ्याच्या इथेनॉलपर्यंत जे सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, वापरतात, त्यातलं बरंचसं हिच्या वंशातलं. २००८ मध्ये तिचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा कळलं की सेल्युलेजची जनुकं तिच्याकडे काडी कुजवणाऱ्या इतर बुरशांपेक्षा कमीच आहेत. म्हणजे जनुकं किती आहेत यापेक्षा ती किती जोरात चालवली जातात याला महत्त्व. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत हे सांगितलं आणि प्रबंधाचा विषय ठरला.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातून रीसी मागवली. पण जोडीला आपल्या मातीतली एक हवी होती. पावसाळा सरता सरता तात्यांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी गेले. तात्या म्हणजे माझे चुलते. गोठ्यामागे पऱ्हाटीचा जुना ढीग होता, वरून कोरडा ठणठणीत. खालच्या थराला हात घातला की काडी बोटांत चुरायची आणि आत पांढरी जाळी दिसायची. तो चुरा पिशवीत भरून आणला, पाण्यात कालवून पातळ केला आणि 'रोज बेंगॉल' नावाचा रंग घातलेल्या प्लेटवर पसरला. चार-पाच दिवसांत प्लेटवर जत्रा भरली. काळी अ‍ॅस्परजिलस तर बोलावणं नसतानाही येतेच, साठवलेल्या कांद्यावर असते तीच. त्यातून हिरवे ठिपके उचलून वेगळे केले.

मग काँगो रेडची चाचणी. प्लेटच्या माध्यमात, पाण्यात विरघळेल असं बदललेलं सेल्युलोज घालायचं, मधोमध बुरशी लावायची, ती वाढली की वरून लाल रंग ओतून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मिठाच्या पाण्यानं धुवायचं. सेल्युलोजची साखळी शाबूत असेल तिथे रंग घट्ट बसतो, तुटली असेल तिथे धुऊन जातो. आमच्या आखाड्यावरच्या एका बुरशीभोवती पिवळसर कडं असं स्वच्छ उमटलं की पट्टीनं मोजावं. त्याच दिवशी शेजारी दुसरी प्लेट होती, त्यात सेल्युलोजसोबत ग्लुकोजही घातलं होतं. तिथे वसाहत जास्त भरदार होती, हिरवी, गुबगुबीत. आणि कडं जवळजवळ नाहीच. पुढच्या सगळ्या कामाचं सार त्या दोन प्लेटमध्ये होतं. मी पुढे कितीही यंत्रं वापरली तरी पाहुण्यांना दाखवायला त्याच काढायचे.

यानंतर फ्लास्क. बुरशी आधी ग्लिसरॉलवर वाढवून घ्यायची, कारण ग्लिसरॉल या प्रकरणात बऱ्यापैकी तटस्थ मानतात. तंतू गाळून, धुऊन वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये टाकायचे: एकात नुसतं ग्लुकोज, एकात सेल्युलोज, एकात पऱ्हाटी, एकात पऱ्हाटी आणि ग्लुकोज दोन्ही, आणि एकात काहीच नाही. हा शेवटचा उपाशी फ्लास्क मी सुरुवातीला केवळ तुलनेसाठी ठेवला होता. शेकरवर, म्हणजे फ्लास्क सतत हलवणाऱ्या यंत्रावर लावून ठरलेल्या वेळेला नमुने काढायचे.

एन्झाइम मोजायची पद्धत जगभर एकच, आणि ती १९८७ मध्ये आयआयटी दिल्लीच्या तरुण घोष यांनी लिहून ठेवलेली. व्हॉटमन एक नंबरच्या फिल्टर पेपरची एक बाय सहा सेंटिमीटरची पट्टी, वजन ५० मिलिग्रॅम. ती गुंडाळून नळीत घालायची, ४.८ सामूचं सायट्रेट बफर, अर्धा मिलिलिटर एन्झाइम, ५० अंशाला बरोबर एक तास. मग डीएनएस हे साखर दाखवणारं रसायन घालून उकळायचं. साखर सुटली असेल त्या प्रमाणात पिवळा रंग नारिंगी आणि पुढे विटकरी होतो. एन्झाइम इतकं पातळ करत जायचं की त्या पट्टीतून तासाभरात बरोबर २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटावं. हिशेब तिथून सुरू होतो.

यात एक गोम आहे आणि ती नव्या मुलांना कुणी आधी सांगत नाही. डीएनएस कुठल्याही क्षपणकारी साखरेला रंग देतं. माध्यमात आधीच ग्लुकोज असेल तर एन्झाइम शून्य असलं तरी रीडिंग चढतं. म्हणून कागदाची पट्टी न घालता तेच द्रावण उकळून त्याचं रीडिंग वजा करावं लागतं, किंवा द्रावण आधी छोट्या स्तंभातून सोडून साखर काढून टाकावी लागते. पऱ्हाटीतून तपकिरी रंग उतरतो तो वेगळाच. बाजारातल्या एखाद्या कल्चरच्या माहितीपत्रकावर "प्रचंड सेल्युलेज क्षमता" वाचलं की मला आता पहिला प्रश्न हाच पडतो की बुरशी वाढवली कशावर, आणि साखर वजा केली होती का.

निकाल अपेक्षेसारखे आले. पऱ्हाटीवर एन्झाइम भरपूर. नुसत्या ग्लुकोजवर नगण्य. दोन्ही असलेल्या फ्लास्कमध्ये आधी काहीच नाही, ग्लुकोज संपत आलं की मग हळूहळू चढ. समोर पऱ्हाटी पहिल्यापासून होती, पण साखर संपेपर्यंत बुरशीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एन्झाइम म्हणजे प्रथिन. ते बनवायला नत्र लागतं, ऊर्जा लागते, आणि बनवून ते पेशीबाहेर सोडून द्यायचं असतं. फुकटचं खायला असताना हा खर्च कोण करेल?

खरा पेच पुढे आहे. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही आणि पेशीत शिरण्याइतकं लहानही नाही. तंतूच्या आत बसलेल्या जनुकाला बाहेर काडी पडलीय हे कळतं कसं? ती तोडली तर तुकडे आत येतील आणि कळेल. पण तोडायला एन्झाइम हवं, आणि एन्झाइम तर कळल्यावरच बनणार.

माझ्या उपाशी फ्लास्कचं महत्त्व इथे समजलं. काहीच खायला नसतानाही त्यात थोडंसं एन्झाइम सापडत होतं, यंत्राच्या मर्यादेच्या जरा वर. ऊसवाल्या भागातल्या वाचकाला हे चटकन समजेल: तोडणीची टोळी येण्याआधी कारखान्याचा चिटबॉय फडात चक्कर मारून जातो, तसं हे थोडकं एन्झाइम. साखर संपली की बुरशी ते सोडून ठेवते. काडी असेल तर त्यातून दोन-चार तुकडे सुटतात, आत जातात आणि मग मोठी यंत्रणा हलते. ही कल्पना १९८९ मध्ये फार सुंदर प्रयोगानं तपासली गेली. रीसीच्या फ्लास्कमध्ये सेल्युलेजला चिकटणारी प्रतिपिंडं घातली. ती असताना सेल्युलोज समोर असूनही मुख्य जनुक चालू झालं नाही. पण सोफोरोज घातलं की प्रतिपिंडं असूनही चालू झालं. म्हणजे अडत होतं ते पहिल्या तुकड्यापाशी.

सोफोरोज ही दोन ग्लुकोजची जोडसाखर, पण सेल्युलोजच्या तुकड्यांपेक्षा वेगळ्या जागी जोडलेली. तिचा शोधही गमतीदार आहे. ग्लुकोज तर एन्झाइम बंद करतं, मग ग्लुकोजच्या काही बाटल्यांवर बुरशी एन्झाइम का बनवते? मँडेल्स आणि सहकाऱ्यांनी खणून काढलं की बाटलीतल्या ग्लुकोजमध्ये सोफोरोजची भेसळ आहे, आणि १९६२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. बुरशीचं बीटा-ग्लुकोसिडेज एन्झाइम काडीचे तुकडे फोडता फोडता काही तुकडे उलटसुलट जोडतं, त्यातून हे बनतं असं मानतात. सोफोरोज विकत घ्यायचं तर आमच्या प्रकल्पाचं सगळं अनुदान त्यात गेलं असतं. आम्ही लॅक्टोज वापरलं. दुधातली साखर बुरशीला जंगलात कुठे भेटते देव जाणे, पण रीसी तिच्यावरही सेल्युलेज बनवते, आणि विरघळणारी व स्वस्त म्हणून कारखान्यांनाही ती सोयीची.

आता जनुकांकडे. एन्झाइम मोजणं म्हणजे झालेलं काम मोजणं. हुकूम कधी सुटला ते बघायला आरएनए काढावा लागतो. त्यासाठी तंतू गाळल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचे, नाहीतर गाळण्याच्या दोन मिनिटांतच उपाशी पडलेली बुरशी आपले हुकूम बदलून टाकते. आमच्याकडे नायट्रोजनचा प्लांट नव्हता. मग कळलं की जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्यकांड्या ठेवायला तोच नायट्रोजन लागतो, आणि त्याची गाडी ठरलेल्या दिवशी येते. त्या कर्मचाऱ्याशी ओळख काढली. माझ्या प्रयोगांचं वेळापत्रक त्यानंतर गायी-म्हशींच्या वेळापत्रकावर चाललं.

खलबत्त्यात नायट्रोजन ओतला की तो आधी खवळतो, धुरासारखी वाफ टेबलावरून खाली उतरते. खल पुरेसा गार झाला की आवाज बसतो. मग गोठलेला तंतूंचा गोळा टाकायचा आणि बत्त्यानं कुटायचा. पहिले दोन घाव काच फुटल्यासारखे वाजतात. त्यानंतर पिठूळ होत जातं. पीठ कडेनं ओलसर दिसायला लागलं की लगेच पुन्हा नायट्रोजन, कारण वितळलं की आरएनए गेला. हातमोजे दोन-दोन. माणसाच्या घामातसुद्धा आरएनए खाणारी एन्झाइम असतात, आणि एप्रिलमधल्या परभणीत घामाची कमतरता नसते. पऱ्हाटीवरचे नमुने सगळ्यात त्रासदायक. तपकिरी द्रव्यं आरएनएसोबत शेवटपर्यंत येतात आणि पुढची प्रक्रिया अडवतात, त्यांना धुण्याची एक पायरी जास्त लागते.

आरएनएचा लगेच सीडीएनए, म्हणजे डीएनएच्या रूपातली नक्कल, करून ठेवायचा, तो टिकाऊ. तो मोजणारं क्यूपीसीआर यंत्र आमच्या इथे बंद पडलेलं, दुरुस्तीचं पत्र फायलीत फिरत होतं. मी थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून सकाळी तपोवन एक्स्प्रेसनं छत्रपती संभाजीनगर गाठायचे. डब्यात काय आहे असं शेजारच्या बाईंनी विचारलं तर "औषध" म्हणायचं, म्हणजे कोणी त्यावर पिशवी ठेवत नाही.

आम्ही तीन जनुकांवर लक्ष ठेवलं. पहिलं सीबीएच-१, मुख्य सेल्युलेज बनवणारं. रीसी बाहेर जे प्रथिन सोडते त्यातलं निम्म्याहून अधिक याचं असतं. दुसरं एक्सवायआर-१, जे सीबीएच-१ला आणि बाकीच्या सेल्युलेजांना, झायलनेजांना (हेमिसेल्युलोजमधलं झायलन तोडणाऱ्या एन्झाइमांना) चालू करणारं प्रथिन बनवतं. हे काढून टाकलं तर रीसी सेल्युलोजसमोर हतबल होते. तिसरं क्रे-१. त्याचं प्रथिन ग्लुकोज मिळताच काही मिनिटांत केंद्रकात जमा होतं आणि डीएनएवरच्या ठरावीक जागांना चिकटून जनुकं दाबून धरतं. ते नुसतं सेल्युलेजची जनुकं दाबत नाही, एक्सवायआर-१लाही दाबतं. चालू करणाऱ्यालाच गप्प बसवलं की बाकीच्यांचा प्रश्नच मिटला.

आलेखात हे अगदी दिसतं. दोन्ही खाद्यं असलेल्या फ्लास्कमध्ये सुरुवातीला एक्सवायआर-१ आणि सीबीएच-१ दोघेही तळाला. ग्लुकोज उतरत आलं की आधी एक्सवायआर-१ वर उठतं, त्याच्यामागून सीबीएच-१, आणि एन्झाइमचं रीडिंग त्याच्याही बऱ्याच नंतर. हे यंत्र दर चक्राला नक्कल दुप्पट करत जातं, म्हणून एक चक्र आधी दिसणं म्हणजे साधारण दुप्पट प्रमाण. दहा चक्रांचा फरक हजार पटीवर जातो. आखाड्यावरच्या बुरशीत चढ रीसीइतका उंच नव्हता, पण क्रम तोच.

मग साहजिक वाटतं की क्रे-१च उडवून द्यावं. तसं झालंयही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सत्तरच्या दशकात अतिनील किरणं आणि रसायनांनी बदल घडवत रुट-सी३० नावाचा वाण निवडला गेला. निवडताना २-डीऑक्सिग्लुकोज वापरलं होतं. ही साखर बुरशीला ग्लुकोजसारखीच भासते, दाब टाकते, पण खाता येत नाही. दाब जुमानणारी बुरशी उपाशी राहते, न जुमानणारी वाढते. पुढे कळलं की रुट-सी३० मध्ये क्रे-१ जनुक अर्धवट तुटलेलं आहे. तरीही नुसता दाब काढून भागत नाही. चालू करणारा इशारा, म्हणजे सोफोरोज, लॅक्टोज किंवा काडी, लागतोच. ग्लुकोजवर या वाणाला एन्झाइम येतं, पण जेमतेम. शिवाय बुरशीनुसार जोडणी बदलते. न्यूरोस्पोरा या दुसऱ्या बुरशीमध्ये एक्सवायआर-१चा भाऊबंद फक्त झायलनवाला विभाग बघतो आणि सेल्युलोजसाठी सीएलआर-१ व सीएलआर-२ ही वेगळी जोडी आहे, २०१२ मध्ये समोर आलेली. त्यामुळे एका बुरशीवरचा निष्कर्ष दुसरीला सरसकट लावणारे लेख मी जरा सावधपणे वाचते. आणि एक सूचना: शेकर खिडकीजवळ असेल तर पडदा लावा. रीसीत ही जनुकं उजेडात जास्त चालतात. सकाळचे आणि रात्रीचे नमुने उगाच वेगळे येतील आणि दोष माध्यमाला जाईल.

हे सगळं चालू असताना तात्यांनी एकदा फोनवर नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारला. ते दोनशे लिटरच्या टाकीत पाणी, गूळ आणि कुजवणाऱ्या बुरशीचं कल्चर कालवून ढिगावर शिंपडतात. कुणीतरी सांगितलं होतं की रोज थोडं गुळाचं पाणी मारत राहा, बुरशी जोमात येते. "तू म्हणती साखर असली की काम करत नाही. मग तुझी बुरशी गूळ खायली की पऱ्हाटी?"

मी सांगितलं, "तात्या, टाकीत गूळ घाला. तिथे बुरशीची संख्या वाढवायचीय, तिथे काडी कुजवायची नाहीये. शिंपडल्यावर ढिगावर जातो तेवढा गूळ थोड्याच दिवसांत संपतो, मग ती काडीकडे वळते. पण वरून रोज गुळाचं पाणी मारलं तर ती तेच खात बसेल." त्यापेक्षा ढीग ओला ठेवा आणि थोडा युरिया किंवा शेण मिसळा, असंही म्हटलं. पऱ्हाटीत कार्बन रग्गड असतो आणि नत्र फार कमी. एन्झाइम प्रथिनच असल्यामुळे नत्राशिवाय हुकूम सुटूनही माल तयार होत नाही.

"बरं," तात्या म्हणाले. रोजचं गुळाचं पाणी त्यांनी बंद केलं. गावात मात्र ते याचं कारण गुळाचा भाव असं सांगतात.